बेलिचिक चॅपल हिलला आले, आता भांडूया (डिसेंबर २०२४)

सातारकर_टारहील
बिल बेलिचिक चॅपल हिलच्या आपल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमचे कोच झाले. त्यावर काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘कॉलेजात एक दिवस कोचिंग न केलेल्या ७२ वर्षांच्या म्हाताऱ्याला वर्षाला १ कोटी डॉलर! नॉर्थ कॅरोलिनाने अक्कल गहाण ठेवली.’ वाचून इतकी चिडचिड झाली की सविस्तरच लिहितो.

१९८० नंतर आपण एसीसी, म्हणजे आपली विद्यापीठांची लीग, जिंकलेली नाही. चव्वेचाळीस वर्षं झाली! २१ सप्टेंबरला मी कीनन स्टेडियममध्ये होतो. जेम्स मॅडिसन विद्यापीठाने आपल्या घरात येऊन ७० गुण मारले, त्यातले ५३ तर हाफटाइमच्या आतच. माझ्या शेजारी जुने सीझन तिकीटवाले आजोबा बसतात. त्यांनी बसायची निळी उशी काखेत मारली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि न बोलता पायऱ्या उतरून गेले. आधीचे कोच मॅक ब्राउन माणूस सोन्यासारखा, पण त्या दिवशी सगळं संपलं होतं.

आता एनएफएल या व्यावसायिक लीगचे सहा सुपर बोल (अंतिम सामने) जिंकलेला कोच आपणहून येतोय. त्याचे वडील १९५३ ते ५५ इथेच असिस्टंट कोच होते. पत्रकार परिषदेत बिलने वडिलांचा इथला जुना स्वेटशर्ट दाखवला तेव्हा माझे डोळे भरून आले. याला तुम्ही अक्कल गहाण ठेवणं म्हणता?

रॅलीचा_लांडगा
स्वेटशर्टने सामने जिंकता येत नाहीत. त्यांच्या एनएफएल टीमचा, पेट्रियट्सचा, क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) टॉम ब्रेडी गेल्यावर काय झालं ते बघा. २०२० ते २०२३ या चार मोसमांत २९ विजय, ३८ पराभव, शेवटचा मोसम तर ४-१३. जानेवारीत एनएफएलच्याच अटलांटा टीमने मुलाखत घेतली आणि दुसऱ्यालाच नेमलं. बेलिचिकच्याच हाताखालचे चार्ली वाइस नोत्र दाम विद्यापीठाला कोच म्हणून गेले होते, पाच मोसमांत गाशा गुंडाळावा लागला. आणि हो, ३० नोव्हेंबरला तुमच्याच मैदानावर आम्ही, एनसी स्टेटवाले, ३५-३० ने जिंकलो, ते विसरू नका.

सातारकर_टारहील
ब्रेडीला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) १९९ व्या क्रमांकावर उचललं कुणी? बाकी सगळ्या टीम झोपल्या होत्या! आणि वाइसचं उदाहरण देताय, तर कोच पीट कॅरल विसरलात का? तेही एनएफएलमधून हाकलले गेले आणि मग यूएससी विद्यापीठाला शिखरावर घेऊन गेले.

मोरिसव्हिलची_आई
मला फुटबॉल फारसं कळत नाही, पण हिशोब कळतो. पाच वर्षांचा करार, त्यातल्या पहिल्या तीन वर्षांचे ३ कोटी हमखास मिळणार. सरकारी विद्यापीठ आहे हे. क्रीडा विभागाचं खातं वेगळं असतं, हे कृपया कुणी सांगू नका. मुलांच्या फीमध्ये अ‍ॅथलेटिक्सचा आकार असतोच, तो आम्ही भरतो.

साठीचा_इंजिनिअर
पैशाचं तुम्ही बघा. मला त्या ‘म्हातारा’ शब्दाबद्दल बोलायचंय. मी ५८ वर्षांचा असताना, एका कंपनीत २३ वर्षं काढल्यावर, मला खोलीत बोलावून सांगितलं की टीमला ‘नवी ऊर्जा’ हवी आहे. सांगणारा मुलगा माझ्याच हाताखाली शिकलेला. एका खोक्यात मावलं सगळं सामान: मुलीने रंगवलेला मग, गणपतीची छोटी मूर्ती, चार्जर. पार्किंगमध्ये गाडीत बसून अर्धा तास रडलो. त्यामुळे ७२ व्या वर्षी कुणी एखाद्याच्या अनुभवाची किंमत करत असेल, तर मी त्याच्या बाजूने.

मोरिसव्हिलची_आई
काका, वाईट वाटलं वाचून. पण कोच निक साबननी याच वर्षी, ७२ व्याच वर्षी थांबायचं ठरवलं. अलाबामा विद्यापीठाला सहा विजेतेपदं मिळवून देणारा माणूस! खेळाडू मिळवायला १७ वर्षांच्या पोरांच्या घरी जाऊन बसायचं, त्यांच्या आयांची समजूत काढायची, ट्रान्स्फर पोर्टल (खेळाडूंना विद्यापीठ बदलायची सोय) उघडलं की रात्रभर फोन. माझे सासरे ७२ चे आहेत, संध्याकाळी सातला जेवतात आणि नऊला झोपतात.

साठीचा_इंजिनिअर
तुमचे सासरे नऊला झोपतात म्हणून जगातल्या सगळ्यांनी झोपायचं का? हेच ऐकवलं होतं मला, जरा गोड शब्दांत. माझी कामं तेव्हाही वेळेत होत होती. वय बघून माणूस मोजायचा हा रोग आहे, आणि तुमच्यासारखे शिकलेले लोकच तो पसरवतात.

मोरिसव्हिलची_आई
मला रोग पसरवणारी म्हणायची गरज नव्हती. मी तुमच्या नोकरीबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

केरीकर
जरा दमाने घ्या दोघंही. काका, इंजिनिअरचं काम वेगळं. इथे दर मोसमानंतर अर्धी टीम निघून जाऊ शकते. ताईंचा मुद्दा वयापेक्षा दगदगीचा आहे.

साठीचा_इंजिनिअर
ठीक. ‘रोग’ शब्द मागे घेतो, ताई. पण दगदग कुणाला झेपते ते ज्याचं त्याने ठरवावं. साबननी स्वतः ठरवलं, त्यांना कुणी खोकं दिलं नाही.

मोरिसव्हिलची_आई
हे मान्य. फीचं मात्र मी सोडणार नाही.

रॅलीचा_लांडगा
मूळ मुद्द्यावर येऊ का? बचाव सुधारेल, एवढं मी देतो. त्या बाबतीत माणूस उस्ताद आहे, एनएफएलच्या जायंट्सचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (बचावाचा कोच) असतानाही दोन सुपर बोल जिंकलाय. जेम्स मॅडिसनसारखे ७० गुण पुन्हा कुणी मारेल असं वाटत नाही. पण तुमचा ड्रेक मे एनएफएलला गेल्यापासून तुमच्याकडे धड क्वार्टरबॅक नाही. तो कोण आणणार आणि कुठून?

सातारकर_टारहील
पोर्टलमधूनच आणावा लागेल, आणि लवकर. तेवढं मात्र खरं बोललात. मी माझी दोन्ही सीझन तिकिटं चालू ठेवलीत, आजोबांनाही फोन केला. ते म्हणाले, आधी क्वार्टरबॅकचं नाव सांग.