कमी धक्क्याची काडतुसं: जवळच्या निशाण्यासाठी हवीत, की जनावराचे हाल?

काटोलचा संत्रेवाला
आमची सात एकर आहे, अर्धी संत्रा, अर्धी सोयाबीन-तूर. वडिलांच्या नावावर पॉइंट 315 ची रायफल आहे, रीतसर लायसन्सची. रानडुकरांसाठी वनविभागाची लेखी परवानगी हातात असेल तेव्हाच ती कपाटातून निघते. मचाण धुऱ्यावर आहे आणि डुक्कर येतं ते तीस-चाळीस मीटरवर. त्याहून लांब मारायचा प्रश्नच येत नाही, पलीकडे वस्ती आहे.

वडील 68 वर्षांचे. मागच्या महिन्यात नेमबाजीच्या रेंजवर त्यांना न सांगता मी रायफलीत काडतुसाची वापरलेली रिकामी पुंगळी ठेवली. त्यांनी श्वास रोखला, माशी जुळवली, चाप ओढला. बार झाला नाही, पण नळीचं तोंड चांगलं चार बोटं खाली गेलं. धक्का यायच्या आधीच खांदा त्याला सामोरा गेला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता रायफल खाली ठेवली. असं दचकून मारलेली गोळी डुकराच्या पोटात जाते, आणि डुक्कर रात्रभर तुरीत पडून राहतं.

माझा मामेभाऊ अमेरिकेत हरणाच्या शिकारीला जातो, तिथं ती कायदेशीर आहे. दाट झाडीत जवळून मारायचं म्हणून तो हलक्या भाराची, म्हणजे कमी दारूची, काडतुसं स्वतः भरतो. तिथे कारखान्याचीही मिळतात. तिथल्या .30-06 रायफलीत एरवी 150 ते 180 ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची गोळी चालते, त्याऐवजी 125 ग्रेनची आणि कमी वेगाची गोळी घालतात, धक्का जवळपास निम्मा होतो. आपल्याकडे ही सोय का नाही? माझं स्पष्ट मत आहे की जवळच्या निशाण्यासाठी कमी धक्क्याचं काडतूस हेच दयेचं काडतूस आहे.

उमरेडचे वकील
तुमची तळमळ खरी आहे, पण घरी काडतूस भरण्याचा विचार मनातही आणू नका. आर्म्स ॲक्ट 1959 च्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. तुमच्या वडिलांचा परवाना शस्त्र बाळगण्याचा आहे, काडतूस तयार करण्याचा नाही. कलम 2 मधल्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भागसुद्धा दारूगोळ्यातच धरलेत. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला किमान 7 वर्षं आहेत, जास्तीत जास्त जन्मठेप. 'अमेरिकेत चालतं' हे इथल्या कोर्टात कोणी ऐकणार नाही.

काटोलचा संत्रेवाला
वकीलसाहेब, मी घरी भरायला निघालेलो नाही, ते मान्यच आहे. खडकीच्या कारखान्यात 315 ची काडतुसं बनतात. तिथेच हलक्या भाराचा एक प्रकार निघावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

रामटेककडचा
भौ, तू ज्याची गोष्ट करून राहिला, थे आमच्या घरी झालेलं आहे. माह्या आज्यापाशी भरमार होती, नळीच्या तोंडातून भरायची बंदूक, पीक संरक्षणाच्या लायसन्सची. भरमारवाला दर बारले हातानंच भरते. मापानं दारू टाकायची, चिंधी ठोकायची, मग गोळी. आज्याचा खांदा म्हातारपणी दुखे, म्हणून थो मापापेक्षा जरा कमी दारू टाके. एका रात्री डुक्कर वीस पावलांवर होतं. बार झाला, डुक्कर बसलं, उठलं आन् पऱ्हाटीत शिरलं. सकाळी माहा काका रक्ताच्या मागावर गेला. डुकरानं त्याची मांडी फाडली, हाडापर्यंत. मी तवा आठ वर्षाचा होतो, बैलगाडीत त्याचा पाय धरून मीच बसलो होतो. गोळी आत गेलीच नव्हती पुरी, चामडी अन् चरबीतच अडकली होती. नराच्या खांद्यावरची चामडी ढालीसारखी जाड असते, राजेहो! धक्का कमी म्हणजे मारही कमी. डुकराले दया दाखवायची असन, तर पुऱ्या ताकदीनं मारा, नाईतर मारूच नका.

काटोलचा संत्रेवाला
दादा, काकांचं वाचून वाईट वाटलं. पण भरमारीतली अंदाजानं टाकलेली काळी दारू आणि मोजून-मापून बनवलेलं रायफलचं काडतूस ही एक गोष्ट नव्हे. आणि दचकलेल्या हातानं पोटात मारलेली पुऱ्या ताकदीची गोळीही डुकराला तसंच पळवते.

नागपूर रेंजवाला
पंचवीस वर्षं रायफल हाताळतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. गोळी तीच ठेवून वेग निम्मा केला, तर धक्क्याची ऊर्जा साधारण चौथाई होते. खांद्याला स्वर्गच. पण गोळीची ऊर्जाही चौथाईच उरते. त्यात मऊ नाकाच्या गोळ्या एका ठरावीक वेगाच्या वर फुलतात, म्हणजे जनावराला लागल्यावर पसरतात. त्याखाली त्या आरपार सुई टोचल्यासारख्या जातात, आणि जनावर जखमी होऊन पळतं. म्हणून नुसती दारू कमी करून भागत नाही, कमी वेगातही फुलणारी गोळी लागते. कारखाना हे बसवू शकतो. तुमचे मामेभाऊही छापील तक्त्यावरून आणि बारीक तराजूवर तोलूनच भरत असतील.

मला सगळ्यात जास्त धास्ती मचाणाची वाटते. पुंगळीत दारू कमी असली की ती आत सैल हलते. रेंजवर रायफल आडवी असते, तेव्हा एक प्रकारे पेट घेते. मचाणावरून नळी खाली रोखली की तीच दारू गोळीकडे सरकते, टोपीपासून, म्हणजे बुडाशी ठिणगी देणाऱ्या भागापासून, लांब जाते, आणि पेट उशिरा किंवा अपुरा होतो. फारच कमी दाब आला तर गोळी नळीतच अडकते. अंधारात, घाईत, माणूस 'बार फुसका गेला' म्हणतो आणि बोल्ट मारून दुसरा बार करतो. तिथे नळी फाटते, ती चेहऱ्याजवळ. आणि मंद जळणारी दारू फार कमी भरली, तर कधी कधी दाब कमी व्हायच्या ऐवजी एकदम चढतो. कमी भरलं म्हणजे सुरक्षित, हा समज रायफलीत चालत नाही.

धक्का काडतुसाला हात न लावताही कमी होतो. साडेतीन किलोच्या रायफलीच्या दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागात, अर्धा किलो शिसं भरलं, तर धक्क्याची ऊर्जा आठव्या हिश्शानं घटते. वर चांगला रबरी पॅड बसवा. आणि दस्त्याची लांबी तपासा. आखूड दस्ता खांद्यात घट्ट बसत नाही, मारतो. हे काम लायसन्सधारी बंदूक-दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या.

भिवापूरची शेतकरीण
तुम्ही सगळे काडतुसावर अडलात. डुकरी एका वेताला चार-सहा पिल्लं देते, तुम्ही वर्षात मारणार किती? रानडुक्कर आता वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 2 मध्ये आहे, परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि ती मिळेस्तोवर भुईमूग संपलेला असतो. आम्ही चार घरांनी मिळून सोलरचं कुंपण घातलं. खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवली, कारण डुक्कर सहसा उडी मारत नाही, खालून घुसतं. तारेखालचं गवत दर आठवड्याला कापावं लागतं, नाहीतर करंट जमिनीत जातो. ते मी स्वतः कापते. पण कृपा करून कोणी लाइनवरून थेट वीज सोडू नका. त्यानं वाघ मरतात आणि पहाटे पाणी द्यायला गेलेली माणसंही मरतात.

काटोलचा संत्रेवाला
ताई, सोयाबीनला कुंपण आम्हीही केलंय. संत्र्याकडून नाला येतो, तिथे पावसाळ्यात तार टिकत नाही. डुकरं तिथूनच येतात, म्हणून मचाण तिथे आहे.

रेंजवाले दादा, मचाणाचं तुम्ही लिहिलंत ते मला ठाऊक नव्हतं. मामेभावाला रात्री फोन केला. तो म्हणाला, तो जमिनीवर बसून आडवाच नेम धरतो, झाडावर चढत नाही. तरी माझी मागणी कायम आहे. कमी वेगात फुलणाऱ्या गोळीचं, मचाणाच्या कोनातून तपासलेलं काडतूस कारखान्यानं काढावं. वयस्कर लायसन्सधारक विदर्भात पुष्कळ आहेत.

रामटेककडचा
कारखान्यानं काढलं तरी मी घेणार नाई. माहा काका अजूनही लंगडते. पण तुह्या बाबाले येक सांग, दचकते तवर मचाणावर चढू नको म्हणा. पोराले चढू दे.

काटोलचा संत्रेवाला
लायसन्स त्यांच्या नावावर आहे दादा, रायफल मी चालवू शकत नाही. दस्ता मात्र आज मोजला. दीड बोट आखूड निघाला. पॅडसाठी दुरुस्तीवाल्यानं शनिवारी बोलावलंय. तोवर वडील रोज सकाळी अंगणात त्याच रिकाम्या पुंगळीवर चाप ओढतात, आणि मी नळीच्या टोकावर एक रुपयाचं नाणं ठेवतो. काल वीसपैकी सहा वेळा पडलं नाही.