बाबांच्या तीनशे पंधरा रायफलीची नळी कशानं धुवावी? पेट्रोल चालेल का?

जांबोटीची लेक

नमस्कार. खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं आमचं गाव. बाबांची .३१५ बोअरची बोल्टवाली रायफल आता माझ्या नावावर आहे, पिकाच्या राखणीसाठीचं लायसन्स. २०२४ च्या लोकसभेची आचारसंहिता लागली तेव्हा मार्चात ठाण्यात जमा केली, जूनमध्ये सोडवून आणली. जमा करण्याआधी मीच नळीत भरपूर खोबरेल सोडलं होतं. बाबा तसंच करायचे.

काल बोल्ट काढून नळी खिडकीच्या उजेडाकडं धरली. आत चिकट, तपकिरी थर दिसतोय. मधेमधे काळे ठिपके आहेत आणि तोंडाजवळच्या आट्यांत, म्हणजे नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांत, तांबूस चमक आहे. शेवटचा बार दिवाळीनंतर झाला होता. काडतुसं बाबांच्या जुन्या डब्यातली, सालाचा शिक्का पुसलेला.

भाऊ म्हणतो, पेट्रोलनं एका दमात निघेल. गॅरेजवाल्यानं कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे दिलाय. एकानं अमोनिया सांगितला. इथं पाऊस नुसता कोसळतोय, दारं-खिडक्या बंद, म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेल्या पडवीतच बसावं लागणार. बाबांची ही एकच वस्तू माझ्या हातात राहिलीय, ती खराब व्हायला नको. यातलं काय वापरू?

बेळगुंदीचा कोतवाला

ताई, पहिलं ते पेट्रोल घराबाहेर नेऊन ठेवा, झाकण लावून. मग पुढचं वाचा.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, त्यातली नऊ वर्षं कोतात, म्हणजे पलटणीच्या हत्यारखान्यात काढली. एवढी हत्यारं हातांखालून गेली, तिथं कधी ओरखडा आला नाही. हात भाजला तो पेन्शनीत आल्यावर, माझ्या घरात. असाच आषाढ होता. पडवीत पोतं अंथरून माझी बारा बोअर पुसत बसलो होतो, वाटीत अर्धा कप पेट्रोल. देवघर तिथनं आठ-नऊ हात लांब, मधे उंबरा. समई जमिनीवर. बायकोनं सांजवात लावली आणि जाळ समईकडनं माझ्याकडं आला, फरशीला चिकटून, निळा, रांगत. उंबरा ओलांडताना मी तो डोळ्यांनी बघितला, पण उठायला वेळ मिळाला नाही. पोतं पेटलं, वाटी पेटली. उजव्या हाताची मूठ तीन महिने वळली नाही. नातवाचा पाळणा त्याच पडवीत होता. देवाची कृपा म्हणून तो त्या वेळी आईजवळ होता. तेव्हापासनं पेट्रोल हा शब्द ऐकला की मी माणसाला आधी थांबवतो, मग बोलतो.

आता तुमची नळी. एकच औषध सगळ्या घाणीला चालत नाही, आणि तुमच्या नळीत चार तऱ्हेची घाण असावी असं मला वाटतंय.

चिकट थर हे जुनं खोबरेल आणि दारूची काजळी. त्याला रॉकेल पुरतं, किंवा बंदुकीसाठी म्हणून मिळणारं साधं सॉल्व्हंट. रॉकेल घाण सोडवतं, पण नळीचं रक्षण करत नाही. ते पुसून काढून वर तेलाचा हात द्यावाच लागतो.

दुसरी घाण डोळ्याला दिसत नाही, आणि मला तिचीच जास्त काळजी वाटतीय. जुन्या काडतुसांच्या बुडाला पिन जिथं आपटते, त्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचं मीठ होऊन नळीत बसतं. हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्या खानापूरच्या हवेत पाण्याला काय तोटा! रॉकेल, पेट्रोल, तेल, कशातच ते विरघळत नाही. ते विरघळतं पाण्यात. तीनशे तीन रायफलींच्या काळात रेंजवरनं आल्यावर नळीत उकळतं पाणी ओतायचे ते याच्यासाठीच. तुमच्या काडतुसांचं साल कळत नाही, म्हणून पाणी ओताच. बोल्ट बाहेर, नळीचं तोंड खाली बादलीत, लाकडाभोवती फडकं घट्ट गुंडाळलेलं, आणि चेंबरकडनं, म्हणजे काडतूस बसतं त्या बाजूनं, नरसाळ्यानं लिटरभर उकळतं पाणी. नळी तापते, धरायला जाड फडकं घ्या. तापलेली नळी आतनं लवकर वाळते. मग लगेच सुक्या चिंद्या, मग तेल. पाणी ओतून चहाला उठलात तर गंज तुमची वाट बघणार नाही.

तिसरं, तोंडाजवळची तांबूस चमक. ते गोळीच्या कवचाचं तांबं. त्याला अमोनियाचं सॉल्व्हंट लागतं, बंदुकीसाठी तयार केलेलं. बाटलीवर जेवढी मिनिटं लिहिलीत तेवढीच ठेवायचं, रात्रभर कधीच नाही. पहिले तीन दिवस याला हात लावू नका. चौथी घाण गंज. त्याचं मी शेवटी सांगतो, आधी चिंदीला काय रंग येतो ते कळवा.

काम करायच्या आधी मॅगझीन काढा, चेंबर डोळ्यानं बघा आणि करंगळी घालून चाचपा. काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत. सॉल्व्हंट टोपीत मुरलं तर काडतूस दगा देतं. चिंदी नेहमी चेंबरकडनं तोंडाकडं. पुल थ्रू, म्हणजे नळीतनं चिंदी ओढायची दोरी असेल तर ती सरळ रेषेत ओढा. ती तिरकी घासत राहिली की तोंडाची कड झिजते, आणि कड गेली की नेम गेला. कोतात सुकी चिंदी ४ बाय २ इंचाची, तेलाची ४ बाय दीडची. अडली तर जोर नको, थोडी कापा.

ब्रश तोंडातनं बाहेर पडतो त्या क्षणी त्याचे केस उलगडतात आणि बारीक तुषार उडतात, थेट डोळ्यांच्या उंचीला. तोंडावर पाण्याची रिकामी प्लॅस्टिक बाटली अडकवा आणि चष्मा लावा.

स्प्रे गॅरेजवाल्याला परत द्या. दस्त्यावरचं व्हार्निश तो क्षणात सोलतो.

खोबरेलाबद्दल बाबांना दोष देत नाही, आमच्याही घरात तेच होतं. पण मार्गशीर्षातल्या सकाळी आपल्याकडं खोबरेलाची बाटली थिजलेली असते ना? तसंच ते बोल्टच्या आत स्प्रिंगवर थिजतं, आणि पिन आळसावते. बंदुकीचं तेल नसेल तर शिलाई मशीनचं तेल घ्या, पावसात दर पंधरा दिवसांनी नवा हात द्या. कातडी कव्हरात ठेवू नका, ते ओल धरतं.

निपाणीचा रसायनवाला

बारावीला रसायन शिकवतो. कोतवाल्या काकांनी सांगितलेला जाळ उंबरा ओलांडून का आला, ते सांगतो, म्हणजे भावालाही पटेल.

पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपाससुद्धा पेट घेण्याइतकी तयार होते. म्हणजे आपल्याकडं ती बाराही महिने तयारच. शिवाय ती हवेपेक्षा जड. बंद पडवीत पाण्यासारखी जमिनीलगत पसरते, आणि जिथं ज्योत भेटेल तिथं पेटून उलटी येते. चूल, समई, गॅसची शेगडी, फ्रिजच्या बटणातली ठिणगी, काहीही पुरतं. वास नाकाला सवयीचा होतो, म्हणून वास कमी झाला की वाफ गेली असं धरू नका. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं, ते कातडीतूनही शरीरात जातं आणि रक्ताचा कर्करोग करू शकतं.

रॉकेलला तीच अवस्था यायला ३५ अंशांहून जास्त तापमान लागतं, म्हणून ते त्यातल्या त्यात बरं. पण रॉकेलात भिजलेली चिंदी वातीसारखी असते, ती साध्या काडीनंही पेटते. तेव्हा विस्तव नकोच.

अमोनियाची गोष्ट उलटी. तो हवेपेक्षा हलका, डोळ्यांना आणि घशाला लगेच झोंबतो. झोंबला की उठून बाहेर या. दुकानातला उग्र अमोनिया आणून घरी काही बनवू नका. आणि मोरीत ब्लीचिंग पावडर किंवा फरशीचं क्लोरीनवालं द्रव असेल, तर अमोनियाच्या चिंद्या तिथं टाकू नका. दोन्ही मिळून विषारी क्लोरामाइन वायू होतो.

हातमोजे नायट्राइलचे घ्या. दवाखान्यातले पातळ लॅटेक्सचे रॉकेलात फुगतात आणि फाटतात. जुन्या काजळीत शिसं असतं, त्यामुळं काम संपल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात नको.

रॉकेल कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नका. मूल प्यायलंच तर उलटी काढायला लावायची नाही. उलटीबरोबर रॉकेल फुप्फुसात उतरतं. सरळ दवाखाना गाठायचा.

दस्त्याला जवसाचं तेल लावणार असाल तर त्याची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेत वाळताना तापतं, आणि बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नसल्यानं फडकं आपोआप पेटतं. पसरून वाळवा, नाहीतर पाणी घातलेल्या डब्यात झाकून ठेवा.

चंदगडचा राखणदार

आमच्याकडं ठासणीची बंदूक आहे, तोंडाकडनं दारू ठासून भरायची. तिला तर गरम पाणी आणि साबणच. काळ्या दारूची राख पाण्यातच जाते. नुसतं रॉकेल मारून ठेवलेली ठासणीची दुसऱ्या दिवशी आतनं लाल झालेली मी बघितलीय. वाचणाऱ्यांपैकी कुणाकडं असेल तर पाणी ओतायच्या आधी गज आत सोडून बघा. रिकाम्या नळीत गज कुठवर जातो त्याची खूण आमच्या आज्यानं गजावरच कोरून ठेवलीय. खूण तोंडाच्या वर राहिली तर आत बार भरलेला आहे असं समजायचं.

जांबोटीची लेक

काका, सर, चंदगडचे दादा, सगळ्यांचे आभार. पेट्रोल भावाच्या गाडीत गेलं, स्प्रे परत दिला. चार दिवसांमागं पावसानं दोन तास उघडीप दिली, तेव्हा गोठ्याच्या उघड्या छपराखाली बसले. जनावरं आधी बाहेर बांधली.

पहिल्या चिंद्या काळ्याकुट्ट, गुळाच्या काकवीसारख्या चिकट. सातवीपासनं राखाडी. मग पाणी ओतलं, वाळवलं, तेल लावलं. तीन दिवस थांबून आज बेळगावच्या खडेबाजारातून मागवलेलं अमोनियाचं सॉल्व्हंट लावलं. चिंदी गडद निळी आली, मग फिकट निळी. पण आता चौदा चिंद्या झाल्या तरी निळी झाक जातच नाही. नळीत मात्र तांबूस काही दिसत नाही. अजून किती वेळा लावू?

निपाणीचा रसायनवाला

थांबा. गजाचं टोक पितळेचं आहे का? पितळेतही तांबं असतं. सॉल्व्हंट तुमच्या गजालाच खातंय, नळीत काही उरलेलं नसावं. नायलॉनचं टोक लावा आणि एक चिंदी काढून बघा.

जांबोटीची लेक

पितळेचंच होतं! नायलॉनच्या टोकावर चिंदी पांढरी आली. रॉकेलच्या चिंदीनं अमोनिया पुसून काढला, सुक्या फिरवल्या, तेल दिलं.

पण काका, सुक्या चिंदीवर एकदा नारिंगी भुकटी आली होती. उजेडात बघितलं तर नळीच्या मधोमध, वीतभर अंतरात, टाचणीच्या डोक्याएवढे चार-पाच काळे खड्डे आहेत. ते कशानं जातील?

बेळगुंदीचा कोतवाला

ताई, ते जाणार नाहीत. गंजानं लोखंड खाल्लंय, आणि खाल्लेलं लोखंड कुठलंही सॉल्व्हंट परत आणत नाही. वरची भुकटी तेल आणि कांस्याच्या ब्रशनं काढा, हळू हातानं. पॉलिश पेपर गजाला गुंडाळून आत घालायचा विचारही करू नका. आटे गुळगुळीत केलेत तर नळी गेली. पावसाळाभर नळी तेलात ठेवा. बार काढायच्या आधी सुकी चिंदी फिरवून ते तेल पूर्ण काढायचं, हे विसरू नका.

खड्डे किती खोल आहेत ते मी इथं बसून सांगू शकत नाही. लायसन्सवाल्या बंदूक दुरुस्तीवाल्याला दाखवा, त्यानं हो म्हटल्याशिवाय एकही बार काढू नका. आणि तो पुसलेल्या सालाचा काडतुसांचा डबा, त्यातलंही एक वापरू नका. लायसन्स घेऊन ठाण्यात विचारा, ती जमा कशी करायची ते तिथं सांगतील.

जांबोटीची लेक

गुरुवारी लायसन्स आणि रायफल घेऊन बेळगावला जातेय, काडतुसांचं ठाण्यात विचारलंय. दुरुस्तीवाला काय म्हणतो ते इथं लिहीन, काका. तुमचा हात आता कसा आहे?