टोन बदलताना मधेच आवाज जातो, मदत हवी आहे

मंडळी, ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. पुढच्या आठवड्यात पार्ल्याला दीनानाथमध्ये कार्यक्रम आहे, म्हणून जरा घाईत विचारतोय.

डिजिटल प्रोसेसरवर क्लीनच्या पॅचवरून (पॅच म्हणजे अँप-इफेक्टची साठवून ठेवलेली जुळणी) सोलोच्या पॅचवर गेलो की क्षणभर आवाजच जातो. सोलोची उचल समेच्या आधी आहे, आणि नेमका पहिला सूर खाल्ला जातो. डिलेची शेपटीही (हळूहळू विरणारे प्रतिध्वनी) कापल्यासारखी तुटते. घरी हेडफोनवर चालून जातं, पण ढोलक थांबलेला असताना थिएटरात ते भोक उघडं पडतं.

कारण कळतं: पॅच बदलला की डीएसपीला (प्रोसेसरमधल्या चिपला) अँप, कॅबिनेट, इफेक्ट सगळं नव्याने लोड करावं लागतं. म्हणून एकाच पॅचमध्ये सीन, म्हणजे त्याच जुळणीची वेगवेगळी सेटिंग्ज, करून पाहिले. ओव्हरड्राइव्ह चालू-बंद करताना आवाज अजिबात तुटत नाही, ट्रेल्स (इफेक्ट बंद झाला तरी शेपटी वाजू देणारी सोय) ऑन ठेवले तर डिलेही नीट विरतो. पण सोलोला मला वेगळा अँप हवा, आणि दोन अँप, दोन आयआर (कॅबिनेटच्या आवाजाचे डिजिटल नमुने), वर रिव्हर्ब टाकला की प्रोसेसरची ताकद संपते.

मग काय सोडू? एकच अँप ठेवून सीनप्रमाणे गेन आणि मिड बदलू, की डिले-रिव्हर्ब आउटपुटनंतर वेगळ्या पेडलवर नेऊ? त्याने शेपटी वाचेल, पण पहिला सूर जायचा तो जाईलच असं वाटतं. (शिवाय लोकलमधून आणखी एक पेडल आणि अडॅप्टर वाहायचा.) सीनमध्ये गेन बदलताना कुणाला 'टक्' असा आवाज येतो का? आला तर कसा घालवलात?

'नवीन प्रोसेसर घे' सोडून काहीही सुचवा.