पेट्रोल टंकीच्या ढक्कनाचं लॉक जाम, चाबी फिरतच नाही (इंदूर)

रामबागवाला
नमस्कार मंडळी, जरा मदत करा. बाबांची जुनी १५० सीसी गाडी आहे, २०११ ची, कार्ब्युरेटरवाली, टंकीचं ढक्कन ते सपाट बिजागरीचं, चाबी लावून वर उचलायचं तसलं. दिवाळीपासून उभीच होती कारण मी कंपनीच्या बसने पीथमपूरला जातो, आता बसचा टाइम बदलला म्हणून संक्रांतीला बाहेर काढली तर ढक्कनच उघडेना. चाबी पूर्ण आत जाते पण फिरायला तयार नाही. पावसाळ्यात पण अडत होतं तेव्हा आई म्हणाली खोबरेल सोड, मी सरळ बाटलीनेच सोडलं आणि झालंही होतं मोकळं. म्हणून या वेळी पण सोडलं तर उलट अजूनच घट्ट. काल चाबी पक्कडीत धरून फिरवली तर चाबीच मुरगळल्यासारखी वाटली म्हणून घाबरून थांबलो. गाडी रिझर्ववर आहे. राजवाड्याकडे एक चाबीवाला म्हणतो ड्रिल मारून काढून टाकू, नवीन ढक्कन बसवा. मारू देऊ का? इग्निशनला तीच चाबी चालते, म्हणजे कालपर्यंत तरी चालत होती.

छावणीचा_बंड्या
अरे भिया एवढं काय टेन्शन, खोबरेल थिजलंय थंडीनं बस. चाबीचं टोक लायटरने गरम कर आणि घाल आत, वितळून जाईल दोन मिनिटांत. माझ्या दुकानाच्या शटरचं कुलूप मी असंच उघडतो रोज सकाळी.

जुनं_इंजिन
बंड्या, शटरच्या मागे पेट्रोल भरलेलं असतं का रे बाबा?? रामबागवाला, लायटर, हेअर ड्रायर, हीट गन, काहीही टंकीजवळ आणू नकोस. पेट्रोलची वाफ उणे ४० डिग्रीच्या आसपाससुद्धा पेट घेऊ शकते, त्यामुळे थंडी आहे म्हणून काही होत नाही असं अजिबात समजू नका, आणि तुझी टंकी तर रिझर्ववर, म्हणजे आत वाफच वाफ. ड्रिल पण याच कारणाने नको, वर लोखंडाचा किस टंकीत पडतो तो वेगळाच.

थिजण्याचं मात्र बंड्या बरोबर बोलला. खोबरेल २४ डिग्रीच्या खाली गेलं की थिजतं, आणि इथे जानेवारीत रात्री काय असतं ते माहीतच आहे. पावसाळ्यात चाललं ते म्हणून. आता त्यात दोन महिन्यांची धूळ बसून मेण झालं असणार. त्या लॉकमध्ये आत पातळ पातळ पत्र्या असतात, प्रत्येकीला केसासारखी स्प्रिंग, चाबीच्या दातांनी त्या सगळ्या एका रेषेत आल्या की बॅरल, म्हणजे चाबीसोबत फिरणारा आतला गोल भाग, फिरतो. एक जरी चिकटून राहिली तरी तू पक्कड लाव नाहीतर पाना लाव, चाबी तुटेल पण बॅरल हलणार नाही. आणि चाबी आत तुटली की मग खरी मजा.

तर आधी गाडी अकरा ते दोन उन्हात उभी कर, फक्त उन्हात. मग डब्ल्यूडी-४० घे, सियागंजात कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळेल, त्याची ती लाल नळी चाबीच्या भोकात घालून दोन फवारे मार आणि पंधरा मिनिटं चहा पी. मग चाबी घालायची काढायची, घालायची काढायची, वीस-तीस वेळा, फिरवायची नाही. दर वेळी चाबी फडक्याला पूस, काळं निघेल. काळं निघायचं थांबेपर्यंत हेच. (त्या नावातलं डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणारं, १९५३ साली चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून ४०. म्हणजे हे मुळात पाणी काढायचं औषध आहे, कायमचं तेल नव्हे.) नंतर तेल बिल काही सोडू नकोस, पेन्सिलीचं शिसं चाबीवर घासून आत-बाहेर कर, बस.

आणि मुरगळलेली चाबी आता वापरूच नकोस. दुसरी ओरिजिनल कुठेतरी असेलच घरात.

किल्लीवाली_ताई
मी मूळची इंदूरची, आता पुण्यात, इथे चाबी म्हटलं की लोक हसतात 😄 असो. माझ्याकडे असंच झालं होतं, फक्त एक फरक. किल्ली थोडीशी फिरायची आणि अडायची. तुझी अजिबातच हलत नसेल तर पत्र्या, पण जराशी फिरून अडत असेल तर लॉक ठीक आहे आणि खालची कडी अडकलीय. ढक्कनाचं रबर कडक झालेलं नाहीतर फुगलेलं असतं, ते कडीला वर रेटून धरतं. तेव्हा एका तळव्याने ढक्कन चांगलं जोरात खाली दाबायचं, अगदी अंगाचा भार टाकून, आणि दुसऱ्या हाताने दोन बोटांत धरून हळू फिरवायचं. मला मेकॅनिकने हे करून दाखवलं आणि पैसे पण घेतले नाहीत, मीच ओशाळले.

वरच्या रिंगचे अ‍ॅलन बोल्ट खोलायला जाऊ नका आधी. त्यातले निम्मे नुसते शोभेचे असतात, आणि बऱ्याच गाड्यांत एखादा खरा बोल्ट ढक्कन उघडल्याशिवाय दिसतच नाही.

डुप्लिकेट बनवायची तर झिजलेल्या किल्लीवरून बनवू नका, झीजसुद्धा कॉपी होते. नव्या गाडीबरोबर एक छोटी पत्र्याची पट्टी येते नंबरची, ती सापडली तर त्या नंबरवरून मूळ मापाची किल्ली मिळवता येते.

रामबागवाला
उघडलं!!! सगळ्यांना पोहे माझ्याकडून.

दुसरी चाबी बाबांच्या कपाटात होती, इन्शुरन्सच्या जुन्या कागदांत, रबरबँड लावून, नंबरच्या पट्टीसकट. एकदम टोकदार दात. माझी तिच्या शेजारी ठेवली तर माझी म्हणजे चघळलेल्या बडीशेपेच्या काडीसारखी. ऊन, स्प्रे, तीन वेळा केलं, पहिल्या दोनदा काहीच नाही, फडकं मात्र काळं आणि त्याला खोबरेलाचा वास. तिसऱ्यांदा जराशी हलली, मग ताईंचं तळवा दाबायचं केलं आणि खट्ट.

पण आता नवीनच. ढक्कन उचललं तर खाली कडेच्या खळग्यात गंजाचं लाल पाणी साचलेलं. हे कुठून आलं, दोन महिने गाडी छपराखाली होती.

जुनं_इंजिन
तेच तर मूळ दुखणं. त्या खळग्यात एक बारीक भोक असेल बघ, तिथून एक नळी टंकीतून खाली जाते, पावसाचं आणि धुलाईचं पाणी गाडीखाली पडावं म्हणून. ते बुजलं की पाणी वरच थांबतं, तिथून लॉकमध्ये शिरतं आणि ढक्कन उघडलं की टंकीत. तुझं पावसाळ्यात अडायला लागलं तेव्हाच बुजलेलं असणार. आधी ते पाणी फडक्याने टिपून घे, मग क्लचच्या जुन्या वायरची एक तार घाल हळूच, नळी फाडू नकोस.

आणि टंकीतलं पेट्रोल कॉकच्या (टंकीखालच्या पेट्रोलच्या तोटीच्या) नळीतून काचेच्या बरणीत काढून बघ, उघड्यावर, जवळपास गॅस-उदबत्ती काही नको. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून तळाशी बसतात. बरणीत खाली वेगळा थर दिसला तर सगळं काढून टाक.

रामबागवाला
तार घातली, आधी काही नाही, मग एकदम भसकन काळा चिखल माझ्याच चपलेवर. आता वरून तांब्याभर पाणी सोडलं तरी सरळ खाली. बरणीत तळाला दोन बोटं वेगळं दिसतंय, काढून टाकतो. आईला सांगितलं खोबरेल डोक्यालाच बरं, तर म्हणते पावसाळ्यात उघडलं होतं ना.

छावणीचा_बंड्या
भिया स्प्रे उरला असेल तर येताना घेऊन ये, शटरला मारू.