अनुभव धागा: १०८ विरुद्ध ६८ – दोन दुष्काळी संघांची वर्ल्ड सीरिज कशी पाहावी, कशी नोंदवावी

धागाकर्ता
मंडळी, शिकागो कब्जनी शेवटचे विजेतेपद १९०८ साली मिळवले होते. क्लीव्हलंडने (तेव्हाचे इंडियन्स, आजचे गार्डियन्स) १९४८ साली. २०१६च्या अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, म्हणजे वर्ल्ड सीरिजमध्ये, दोघे समोरासमोर आले. या दुष्काळांना चिकटवलेले बोकडाचा शाप (कब्ज), कोलाव्हिटोचा शाप (क्लीव्हलंड) यांवर बोलून बोलून चोथा झाला आहे, तो इथे नको. मालिका पाहताना काय टिपायचे, कुठे हिशेब चुकतो, मैदानावर काय ठाऊक हवे एवढेच लिहा. नवस आणि उपासतापासांच्या हकीकतींसाठी वेगळा धागा काढू.

पिचिंगची वही
धावफलकाशेजारी दुसरा तक्ता ठेवा: कोणी, कोणत्या तारखेला, किती चेंडू टाकले. सात सामन्यांची मालिका बहुतेक वेळा तिथे सुटते.

सामना सुरू करणाऱ्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) एरवी चार दिवस विश्रांती मिळते. क्लीव्हलंडच्या क्लूबरने २५ ऑक्टोबर, २९ ऑक्टोबर आणि २ नोव्हेंबर असे तीन सामने सुरू केले, म्हणजे मध्ये तीनच दिवस. पहिल्या सामन्यात त्याने पहिल्या तीन इनिंगमध्ये (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची फलंदाजीची एकेक पाळी) आठ जणांना स्ट्राइक आउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केले. सातव्या सामन्यात एकालाही नाही. निव्वळ थकवा म्हणून सोडून देऊ नका. नऊ दिवसांत तेच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आले की त्याचा चेंडू कुठून वळतो हे त्यांना दिसू लागते.

कब्जच्या बाजूने शेवटच्या इनिंगसाठी राखलेल्या पिचरचा, चॅपमनचा, रकाना पाहा. पाचव्या सामन्यात ४२ चेंडू, सहाव्यात २०, सातव्यात ३५. पाचव्यातले ४२ समजू शकतो, कारण हरले असते तर मालिकाच संपत होती. पण सहाव्या सामन्यात ७-२ अशी आघाडी असताना त्याला सातव्या इनिंगमध्ये आणले, आणि आघाडी आणखी वाढल्यावरही नवव्याला तोच उभा. माझ्या मते कब्जचे व्यवस्थापक मॅडन यांचा मालिकेतला सर्वांत वाईट निर्णय हाच. पुढच्या रात्री, सातव्या सामन्यात, आठव्या इनिंगमध्ये चॅपमनच्याच चेंडूंवर आधी क्लीव्हलंडच्या गायरचा डबल (दोन बेस मिळवणारा फटका), मग राजाय डेव्हिसने बॅट वर सरकवून धरून मारलेला होम रन, आणि ६-३चे ६-६.

एरी सरोवराकाठून
वरच्या तक्त्यात क्लीव्हलंडची अडचण नीट दिसत नाही. क्लूबरला तीनदा उतरवणे ही हौस नव्हती. बाकीच्या पिचरांपैकी कारास्कोचा हात सप्टेंबरमध्ये अंगावर आलेल्या फटक्याने मोडला, सालाझारची कोपराखालची दुखापत पुरती बरी नव्हती, बाउअरचे बोट ड्रोनने कापलेले. म्हणून व्यवस्थापक फ्रँकोनाने अँड्र्यू मिलरला पाचव्या-सहाव्या इनिंगमध्येच आणायला सुरुवात केली. सामना जिथे फिरण्याची शक्यता, तिथे सर्वांत चांगला रिलीव्हर (नंतर येणारा बदली पिचर), ही चाल बरोबरच होती. फक्त सातव्या सामन्यापर्यंत कब्जनी मिलरलाही पुरेसे पाहिले होते; ३९ वर्षांच्या डेव्हिड रॉसने, कारकिर्दीतल्या शेवटच्या सामन्यात, त्यालाच होम रन मारला.

स्कोअरकार्डवाला
सातवा सामना रेकॉर्डिंग पाहून नोंदवायचा असेल तर छापील नऊ इनिंगचा कागद घेऊ नका. बारा रकाने हवेत आणि फलंदाजीच्या प्रत्येक क्रमांकाखाली चार ओळी. कब्जच्या सातव्या क्रमांकावर एका रात्रीत काँट्रेरास, रॉस, कॉग्लन आणि माँटेरो अशी चार नावे येतात.

आकडे खेळाडूच्या जागेचे: १ पिचर, २ कॅचर, ३, ४, ५ अनुक्रमे पहिला, दुसरा, तिसरा बेस, ६ शॉर्टस्टॉप, ७, ८, ९ डावे, मधले, उजवे मैदान. जर्सीचा क्रमांक लिहिला की पुढचे सगळे बिघडते. नवशिक्यांची चूक हमखास तिथेच होते. नवा पिचर आला की दोन फलंदाजांच्या चौकोनांमध्ये जाड रेघ मारा, म्हणजे धाव कोणत्या पिचरच्या नावावर ते नंतर कळते.

दहावी इनिंग अशी: कब्जच्या श्वार्बरचा सिंगल (एका बेसचा फटका), त्याच्या जागी धावायला अल्मोरा. ब्रायंटचा उंच फटका ८ने झेलला. झेल होईपर्यंत अल्मोरा पहिल्या बेसवर पाय ठेवून थांबला आणि मग दुसऱ्यावर पळाला. चौकोनात ही बारीक रेघ काढाच, सगळी इनिंग तिच्यावर उभी आहे. पहिला बेस रिकामा झाला म्हणून रिझोला मुद्दाम वॉक, म्हणजे फुकट पहिला बेस, दिला (२०१६ साली त्यासाठी चार चेंडू टाकावेच लागत, नुसती खूण २०१७पासून), झोब्रिस्टचा डाव्या रेषेलगत डबल, रसेलला पुन्हा मुद्दाम वॉक, माँटेरोचा सिंगल. दोन धावा, ८-६.

खालच्या अर्ध्यात डेव्हिसने एक धाव परत मिळवली. शेवटचा आउट ५-३: ब्रायंटने उचलला, रिझोकडे फेकला, आणि कब्ज ८-७ने जिंकले. तेव्हा फलंदाज होता मार्टिनेझ, जो नवव्या इनिंगमध्ये क्रिस्पच्या जागी क्षेत्ररक्षणासाठी आला होता. बदली फार लवकर वापरल्या की शेवटी क्षेत्ररक्षणासाठी आणलेल्याच्या हाती बॅट येते.

नवव्या इनिंगनंतरची १७ मिनिटांची पावसाची विश्रांती चौकोनात लिहायची नसते. समासात वेळ टिपा.

रिग्लीच्या गल्लीतून
कब्जच्या मैदानावर, रिग्ली फील्डवर, पहिले काम म्हणजे फडकणारी निशाणे पाहणे. वारा सरोवराकडून आत येत असेल तर उंच फटके कुंपणाआधीच पडतात, बाहेर जात असेल तर उडतात. पण याला वेदवाक्य समजू नका: तिसऱ्या सामन्यात वारा बाहेर वाहत होता, सगळे होम रनची वाट पाहत बसले, आणि क्लीव्हलंड १-० जिंकले.

भिंतीवरच्या वेलीत चेंडू अडकला तर क्षेत्ररक्षकाने दोन्ही हात वर करायचे. पंच डबल देतो. क्षेत्ररक्षकाने आत हात घालून शोधायला सुरुवात केली तर चेंडू जिवंत, धावणारा धावतच राहणार.

पांढऱ्यावर निळा डब्ल्यू म्हणजे विजय, निळ्यावर पांढरा एल म्हणजे हार. धावफलकावरचा हा झेंडा जवळून जाणाऱ्या लोकलमधल्या प्रवाशांना निकाल कळावा म्हणून. मैदानासाठी रेड लाइनवर अ‍ॅडिसनला उतरा.

दोन्हीकडचा प्रवासी
क्लीव्हलंडलाही विमानतळावरून गावात आणणारी गाडी रेड लाइनच. टॉवर सिटीला उतरून मैदानापर्यंत चालत जा. शिकागोहून गाडीने साधारण साडेपाचशे किलोमीटर, आणि वाटेत घड्याळ एक तास पुढे जाते. उशीर तिथे होतो.

डीएचची गोम
कब्जचा श्वार्बर पहिल्या, दुसऱ्या, सहाव्या, सातव्या सामन्यातच का सुरुवातीपासून खेळला? एप्रिलमध्ये गुडघ्याचे लिगामेंट फाटल्यामुळे डॉक्टरांनी क्षेत्ररक्षणाला परवानगी दिली नव्हती. तेव्हा फक्त फलंदाजी करणारा डीएच अमेरिकन लीगच्या, म्हणजे इथे क्लीव्हलंडच्या, मैदानावरच चाले; कब्ज दुसऱ्या, नॅशनल लीगचे. दोन्ही लीगमध्ये डीएच कायमचा आला तो २०२२पासून. शिकागोतल्या सामन्यांत श्वार्बर बदली फलंदाज म्हणूनच येऊ शकत होता. तरी मालिकेत १७ पैकी ७ हिट.

सातवा सामना क्लीव्हलंडला का, हेही याच जातीचे. त्या वर्षीपर्यंत ऑल-स्टार (दोन लीगच्या निवडक खेळाडूंमधला) सामना जिंकणाऱ्या लीगला घरचे मैदान मिळे. २०१७पासून जास्त विजय असलेल्या संघाला मिळते. तो नियम आधी असता तर १०३ विजयांच्या कब्जनी सातवा सामना रिग्लीवर खेळला असता.

पुण्याहून पहाटे
क्लीव्हलंडची रात्री आठची वेळ म्हणजे आपली पहाटे साडेपाच, तारीख एक पुढची. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे मागे जातात, त्यानंतर साडेसहा. २०१६ची मालिका त्याआधी संपली, पण लांबलेल्या वर्षात गजर तपासून घ्या. आणि साडेदहापर्यंत मोकळे राहा. सातवा सामना तिथली मध्यरात्र उलटल्यावर संपला होता.