टार्सल टनेल सिंड्रोम: चार्टमध्ये बाजू नाही, जी५७.५० वर क्लेम परत येतो

चार्टवाली_पुणे
अमेरिकन पोडिएट्रीचा (पावलांच्या उपचारांचा) ओपीडी चार्ट आहे, विम्याच्या क्लेमसाठी निदानाचा आयसीडी-१० कोड लावायचा आहे. असेसमेंटमध्ये (डॉक्टरांच्या निदानात) फक्त ‘टार्सल टनेल सिंड्रोम (आतल्या घोट्यामागे नस दाबली जाणं), टाइप २ डायबेटिस’ इतकंच. नर्सच्या इनटेकमध्ये ‘डाव्या तळव्याला मुंग्या, जळजळ’. जी५७.५० (बाजू न सांगणारा कोड) लावला की पेअर (विमा कंपनी) बाजू विचारतो. इनटेकवरून जी५७.५२ (डावी बाजू) घेता येईल का? आणि डायबेटिस आहे म्हणून ई११.४१ (डायबेटिसमुळे एका नसेचा विकार) जोडायचा का?

कोडकट्टा
बाजू घेता येईल. डॉक्टरांनी ती लिहिली नसेल तर इतर क्लिनिशियनच्या नोंदीवरून घ्यायला गाइडलाइन परवानगी देते. पण फक्त बाजू. निदान डॉक्टरांचंच हवं. पेशंटने स्वतः भरलेला फॉर्म यात धरू नका. ऑर्डरमध्ये ‘उजवा’ आणि इनटेकमध्ये ‘डावा’ असेल तर अंदाज न करता डॉक्टरांना क्वेरी टाका.

उजवा जी५७.५१, डावा ५२, दोन्ही ५३. हा ५३ ऑक्टोबर २०१६ पासून आहे. जुन्या चीटशीटवर चालणारे अजून ५१ आणि ५२ एकत्र लावतात, ते चूक.

नस_आणि_नियम
आधी असेसमेंटमधला शब्द नीट वाचा. ‘सस्पेक्टेड’, ‘प्रॉबेबल’, ‘रूल आउट’ असेल तर ओपीडीत जी५७.५ लागतच नाही. मग लक्षणं कोड करायची: मुंग्यांना आर२०.२, डाव्या पावलाच्या दुखण्याला एम७९.६७२. इनपेशंट डिस्चार्जला नियम उलटा आहे, तिथे असं निदान असल्यासारखंच कोड होतं. दोन्हीकडचे चार्ट करणारे इथे हमखास गोंधळतात.

डायबेटिसचं: कोडच्या इंडेक्समध्ये डायबेटिसच्या ‘विथ’खाली (जिथले आजार डायबेटिसशी जोडलेले मानतात) मोनोन्यूरोपॅथी (एका नसेचा विकार) आहे, टार्सल टनेल हे नाव नाही. नस गँगलियनने (द्रवाच्या गाठीने), फुगलेल्या शिरांनी किंवा सपाट पावलामुळेही दाबली जाते. त्यामुळे संबंध लिहिलेला नसेल तर माझ्या मते ई११.४१ परस्पर लावू नये, क्वेरी करावी. ताज्या दुखापतीने नस गेली असेल तर जी५७ सोडून एस९४ (घोटा-पावलाच्या नसांची दुखापत) बघा.

कोडकट्टा
तपासणीचा परिच्छेदही वाचा. दुखणं तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मध्ये, मल्डर क्लिक (पाऊल दाबल्यावर जाणवणारा खटका) पॉझिटिव्ह, आणि असेसमेंटमध्ये टार्सल टनेल? तो मॉर्टनचा प्रकार (बोटांजवळच्या नसेचा त्रास) वाटतो, म्हणजे जी५७.६. टार्सल टनेलमध्ये टिनेल साइन (नसेवर टिचकी मारल्यावर मुंग्या) आतल्या घोट्यामागे मिळते. तरी निदान आपण बदलायचं नाही, विचारायचं. प्रोसिजरचे सीपीटी कोडही वेगळे: टनेल रिलीज (नस मोकळी करण्याची सर्जरी) २८०३५, मॉर्टन न्यूरोमा काढणं २८०८०. जी५७.६ ला २८०३५ जोडलं तर डिनायल येणारच.

चार्टवाली_पुणे
दुसऱ्या एका चार्टमध्ये दोन्ही पाय आहेत. उजव्याचं रिलीज आधी, डाव्याचं नंतर. कोड कसे जातील?

नस_आणि_नियम
पहिल्या सर्जरीला जी५७.५३, कारण त्या दिवशी त्रास दोन्हीकडे आहे; प्रोसिजरला आरटी (उजवी बाजू दाखवणारं मॉडिफायर). दुसऱ्या वेळी उजवा पूर्ण बरा झाल्याची नोंद असेल तर जी५७.५२ आणि एलटी (डावी बाजू). उजव्यात त्रास उरला असेल तर ५३ च राहतो. ‘आधी सर्जरी झाली’ एवढ्यावरून बरा झाला असं धरू नका, फॉलोअपची नोट उघडा.