मदत हवी आहे : जेर महलची जुनी छायाचित्रे

नमस्कार मंडळी. माझे बालपण चिराबाजारात गेले, त्यामुळे धोबी तलावाच्या कोपऱ्यावरील जेर महल ही इमारत रोजच्या वाटेवरची होती. तळाशी १९०४ पासूनचे कयानी हे इराणी उपाहारगृह आणि फुर्तादोंचे वाद्यांचे दुकान, तर वर गोव्यातील गावांनी मुंबईत येणाऱ्या आपल्या खलाशांसाठी चालवलेले कूड, म्हणजे सामायिक निवासाच्या खोल्या, जिथून संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेचे सूर खाली रस्त्यापर्यंत येत. त्या कुडांविषयी लिहिताना मला १९६० ते १९८० या काळातील छायाचित्रे हवी आहेत. दर्शनी भागाची असतीलच, पण आतल्या वेदीची आणि भिंतीलगत रचलेल्या सामानाच्या पेट्यांची अधिक मोलाची वाटतात. आपल्या घरातील कोणी तिथे राहिले होते का, आणि कोणत्या गावाच्या कुडात? कृपया कळवावे.